कझाक–शैबानी संघर्ष

मध्य आशियात सीर दर्या नदीकाठची शहरे आणि हिवाळी कुरणे यांच्या ताब्यासाठी कझाक खान व शैबानी घराणे यांच्यात पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चाललेले वैर. त्याला कझाक आणि उझबेक या दोन राष्ट्रांची लढाई म्हणणे चूक ठरेल. ती मुळात भाऊबंदकी होती. दोन्ही घराणी चंगीझखानाचा थोरला मुलगा जोची याच्या वंशातली, दोघांची भाषा तुर्की कुळातली, धर्मही एकच.

शैबानी घराण्यातला अबुल खैर खान १४२८ पासून या गवताळ मुलखाचा धनी होता. १४५७ मध्ये सिग्नाकजवळ ओइरात या पश्चिम मंगोल टोळ्यांनी त्याला हरवले आणि त्याचा दरारा ओसरला. पुढे जोचीच्याच वंशातले जानीबेक आणि केरेई त्याला सोडून आपली माणसे घेऊन मोगलिस्तानात, म्हणजे पूर्वेकडच्या चगताई खानांच्या राज्यात गेले. तिथल्या एसेन बुका खानाने त्यांना चू नदीच्या खोऱ्यात जागा दिली. धन्याला सोडून भटकणाऱ्यांना ‘कझाक’ म्हणत, तेच नाव त्यांना चिकटले. ही हकीकत लिहून ठेवणारा मिर्झा हैदर दुघलत पुढे काश्मीरचा सत्ताधीश झाला.

भांडणाचे खरे मूळ सीर दर्याच्या काठी होते. उन्हाळ्यात उत्तरेकडे गेलेले कळप थंडीत इथे परतत. धान्य आणि कापड मिळे तेही इथल्याच सिग्नाक, सौरान, यासी, ओत्रार या शहरांत. अबुल खैरचा नातू मुहंमद शैबानी याने हे नेमके ओळखले होते. बाबराला समरकंदमधून हुसकावणारा तो हाच. त्याने कझाकांशी व्यापार करण्यास मनाई केली, त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्धाचा फतवा मिळवला आणि १५०९ च्या ऐन हिवाळ्यात त्यांच्यावर चाल केली. मुसलमानांविरुद्धच्या या फतव्यामागे धर्मापेक्षा कुरणांचाच हिशेब अधिक दिसतो. पुढच्याच वर्षी कझाकांच्या कासिम खानापुढे त्याच्या फौजेला माघार घ्यावी लागली आणि डिसेंबर १५१० मध्ये मर्वजवळ इराणच्या शाह इस्माईलशी लढताना तो मारला गेला. कासिमने आपल्या लोकांना जसे शिस्तीत ठेवले तसे दुसऱ्या कोणा कझाक खानाला जमले नाही, असे बाबराने लिहिले आहे.

वैर अखंड मात्र नव्हते. कझाकांच्या हकनजर खानाने बुखाऱ्याच्या शैबानी अब्दुल्ला खानाशी सख्य राखले. अब्दुल्ला १५९८ मध्ये मरण पावताच कझाकांच्या तव्वकुल खानाने ताश्कंद आणि समरकंद घेतले; बुखाऱ्याच्या वेढ्यात मात्र तो जखमी झाला आणि ताश्कंदला परतून मरण पावला. त्यानंतरच्या तहात ताश्कंद कझाकांकडे राहिले. पुढे त्याच ताश्कंदमध्ये तुरसून खानाने वेगळी गादी मांडली आणि १६२७ मध्ये ईशिम खानाशी झालेल्या संघर्षात तो मारला गेला. ते दोघेही कझाकच होते.