मारधाडपटांचे संकेत आणि चित्रणतंत्र

मारामारी, पाठलाग, स्फोट आणि जिवावरच्या कसरती यांच्या आधारे कथा पुढे नेणाऱ्या चित्रपटांना मारधाडपट म्हणतात. एकाकी नायक, हातातून निसटणारी वेळ आणि खलनायकाशी अखेरची समोरासमोर झुंज हे त्यांचे रूढ संकेत होत. भारतीय मारधाडपटांत नायकाची ‘एंट्री’ हा स्वतंत्र प्रसंगच असतो: कॅमेरा जमिनीलगत ठेवून आधी पावले, मग पाठ आणि सर्वांत शेवटी चेहरा, तोही संथ गतीत, दाखवला जातो. या संथ गतीसाठी सेकंदाला नेहमीच्या २४ ऐवजी ४८ किंवा अधिक चौकटी (फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे) टिपून त्या २४ च्याच वेगाने दाखवतात. उलट २२ चौकटी टिपल्यास ठोसा अधिक जलद भासतो. शटरचा कोन, म्हणजे प्रत्येक चौकट टिपताना प्रकाश आत येऊ देणाऱ्या फटीचा कोन, १८० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत घटवल्यास हालचालीतील धूसरपणा कमी होऊन उडणारी मातीही सुटी सुटी दिसते.

पाठलागात मात्र वेगापेक्षा दिशा महत्त्वाची असते. पळणारी गाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे जात असेल, तर पाठलाग करणारीही त्याच दिशेने गेली पाहिजे. हे पाळले की दूरदूरची ठिकाणेही एकाच रस्त्यावर असल्यासारखी जुळतात. पॉल ग्रीनग्रास दिग्दर्शित ‘द बॉर्न सुप्रीमसी’ (२००४) या चित्रपटाच्या आरंभीचा गोव्यातील पाठलाग याचे उत्तम उदाहरण आहे. त्यातील पाळोळ्याचा किनारा दक्षिणेकडील काणकोण तालुक्यात, तर जीप जेथून नदीत कोसळते तो नेरूलचा पूल उत्तरेकडील बार्देशात आहे. गोवेकर प्रेक्षकाला हे ठाऊक असूनही प्रसंगाचा ओघ तुटत नाही. हाती धरलेला, हलणारा कॅमेरा आणि अतिशय तोकडे शॉट असूनही नायक व त्याची सोबतीण जागा बदलतात ही बाब स्पष्टपणे दिसते, कारण मारेकऱ्याची गोळी नायकाऐवजी चालकाच्या जागी बसलेल्या सोबतिणीला लागणे त्यावरच अवलंबून आहे. या शैलीच्या अनुकरणात पुढे कॅमेऱ्याची थरथर तेवढी उरली आणि कोण कोणाला मारतो आहे हेच कळेनासे झाले.

गोव्यातच घडणाऱ्या रोहित शेट्टी यांच्या ‘सिंघम’मध्ये (२०११) याउलट उलटणाऱ्या गाड्या रुंद चौकटीत, संथ गतीत दिसतात. गाडी उलटवण्यासाठी सामान्यतः लपवलेला उतार किंवा गाडीच्या तळाशी बसवलेली, दाबाने जमिनीवर दणका देणारी नळी वापरतात.