ग्राहक संरक्षण कायदा : व्यक्तिगत तक्रार आणि सरकारी कारवाई

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार भारतात दाद मागण्याच्या दोन वाटा आहेत. नुकसान झालेला ग्राहक स्वतः ग्राहक आयोगाकडे (बोलण्यात अजूनही 'ग्राहक मंच') जातो. बाजारातील एखाद्या गैरप्रथेवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण कारवाई करते. हे प्राधिकरण जुलै २०२० मध्ये स्थापन झाले.

भरपाई हवी असेल तर आयोगच गाठावा लागतो. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा, २ कोटींपर्यंत राज्य, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. मुदत २ वर्षे; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) किंवा प्राधिकरणाला कळवले म्हणून ती थांबत नाही, आणि अनेक जण नेमके इथेच फसतात. सामनेवाल्याला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला) म्हणणे मांडायला ३० आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. निकाल ३ महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. तसा तो क्वचितच लागतो. आदेशानंतरही पैसे न आल्यास कलम ७१ किंवा ७२ खाली वेगळा अर्ज करावा लागतो.

प्राधिकरण चौकशी करून धोकादायक किंवा असुरक्षित माल परत मागवू शकते, त्याची किंमत ग्राहकांना परत द्यायला लावू शकते आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर १० लाखांपर्यंत, पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. हा दंड तक्रारदाराला मिळत नाही. मनस्तापाची भरपाईही इथे मिळत नाही. मात्र एका आदेशाने सगळ्यांचा फायदा होतो: ऑक्टोबर २०२४ मध्ये ओला या टॅक्सी ॲप कंपनीला परतावा कूपनऐवजी बँक खात्यात घेण्याचा पर्याय द्यावा लागला.

सरकार स्वतः तक्रारदारही होऊ शकते, पण त्यालाही बाजू सिद्ध करावीच लागते. मॅगी नूडल्स बनवणाऱ्या नेस्लेविरुद्ध केंद्राने २०१५ मध्ये राष्ट्रीय आयोगाकडे मागितलेली सुमारे ६४० कोटींची भरपाई एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली गेली.

अनेकांचे नुकसान एकत्र मांडायला कलम ३५(१)(c) आहे, पण आयोगाची परवानगी आणि सर्वांचे 'समान हित' दाखवावे लागते. ब्रिगेड एंटरप्रायझेस या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात (२०२१) १,१३४ सदनिकांपैकी ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांना सर्वांच्या वतीने तक्रार चालवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. स्वतःपुरती संयुक्त तक्रार मात्र चालू दिली. म्हणून सोसायटीतील सदनिकाधारकांनी प्रत्येकाचा करारनामा आणि ताब्याची तारीख वेगळी जोडून संयुक्त तक्रार करणे अधिक सुरक्षित.