पोट बिघडलेल्या माणसाला कण्या की आंबील?

घरात कोणाच्या पोटाची तक्रार सुरू झाली की वऱ्हाडातल्या गावात ठरलेला सल्ला मिळतो : तिखट-तेल बंद कर, कण्या दे नाहीतर आंबील दे. जणू दोन्ही एकच. दोन्ही ज्वारीचे प्रकार, दोन्ही वाटीतले, दोन्हींना ताकाची सोबत. त्यातून महालक्ष्म्यांच्या नैवेद्याची आंबील काही घरांत कण्यांचीच करतात, म्हणजे गोंधळ पक्का. पण आजारी पोटात गेल्यावर या दोन गोष्टी वेगळ्या वागतात, आणि नुसतं दिसण्यावर गेलं तर नेमकी उलटी निवड होते.

कण्या दाणेदार, म्हणून जड वाटतात. पण जुन्या रीतीने ज्वारीला पाण्याचा हबका मारून ती उखळात कांडतात, पाखडून कोंडा काढतात आणि मग भरडतात. पीठ चाळून बाजूला केलं की उरतो तो बहुतेक आतला पांढरा गर. आंबील मात्र गिरणीच्या पिठाची. ती घोटाने पिता येते, पण दाण्याचा सगळा कोंडा तिच्यात असतो. मऊ दिसतं ते हलकं, हा आपला हिशेब इथे चुकतो. अर्थात आजकाल कांडायला वेळ कोणाला आहे? गिरणीतून सरळ भरडून आणलेल्या कण्यांत कोंडा तसाच राहतो. त्या आजाऱ्यासाठी असतील तर निदान पाण्यात चोळून, वर तरंगणारी टरफलं दोन-तीनदा ओतून टाकावीत.

दुसरा फरक आंबवण्याचा. ज्वारीच्या प्रथिनाची एक खोड आहे : पाण्यात शिजवलं की ते आणखी घट्ट बांधलं जातं आणि पचायला अवघड होतं. पीठ आधी आंबवलं तर ही अडचण बरीच कमी होते, लोहासारखी खनिजं अडवून धरणारं फायटिक आम्लही घटतं. म्हणजे आंबिलीत कोंडा जास्त, पण बाकीचं काम जिवाणूंनी आधीच उरकलेलं. कण्यांत कोंडा कमी, पण आंबट काहीच नाही.

आता कोणाला काय? जळजळ, आंबट ढेकर, छातीशी येणारं पाणी, ही तक्रार असेल तर कण्या. आंबील आधीच आंबट, त्यात लसूण-मिरचीची फोडणी पडली तर अशा माणसाची रात्र खराब होते. सासरे हट्टाला पेटले तरी "मामाजी, आज कण्याच घ्या, आंबील उद्या बघू" असं सांगायला हरकत नाही. वर मुगाचं पातळ वरण आणि चमचाभरच तूप. तूप जास्त झालं की जेवण पोटात रेंगाळतं. जेवून दोन-तीन तास आडवं होऊ नये, हे औषधाइतकंच महत्त्वाचं.

पोट साफ होत नसेल तर पिठाची आंबील, आणि तिच्यासोबत दिवसभर भरपूर पाणी. तापातून उठलेल्या, तोंडाला चव नसलेल्या माणसालाही आंबीलच बरी वाटते. मधुमेह असेल तर मात्र पेला मोजून द्यावा, पातळ पेज साखर लवकर चढवते.

जुलाबात कोंडा काढलेल्या कण्या, अगदी गुरगुट्या. दूध काही दिवस टाळलेलं बरं, कारण जुलाबानंतर दुधातली साखर पचवायची आतड्याची ताकद काही काळ कमी होते. ताक त्यापेक्षा बरं सोसतं. मात्र मीठ घातलेली आंबील म्हणजे ओआरएस नव्हे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. शौचातून रक्त पडलं, शौच डांबरासारखं काळं झालं, वजन उतरू लागलं किंवा घास गिळताना अडकू लागला तर वाटीचा विचार सोडून दवाखाना गाठावा.

करायची रीत. कण्या तासभर भिजवून एका वाटीला सहा वाट्या पाणी घालायचं आणि मंद आचेवर दाणा बोटाने चेपेपर्यंत शिजवायचं. अर्धवट शिजलेली कणी हेच पोट दुखायचं मोठं कारण, घाई इथेच नडते. गॅसचा त्रास असणाऱ्याने त्या गरमच खाव्यात. शिळ्या थंड कण्यांतला थोडा पिष्टपदार्थ न पचता मोठ्या आतड्यात जातो आणि तिथे वायू धरतो. शिळ्या कण्या अन् ताक ही धडधाकट माणसाची न्याहारी.

आंबिलीसाठी अर्धी वाटी पीठ पाण्यात कालवून त्यात दोन चमचे ताक घालावं. थंडीत रात्रभर लागतं. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात चार-पाच तास पुरतात, जास्त ठेवलं तर नुसतं आंबटढाण होतं. भांडं स्टीलचं किंवा मातीचं, पितळेचं नको. चार वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून ओतायचं आणि हात थांबू द्यायचा नाही, नाहीतर गुठळ्या. उरलेलं ताक खाली उतरवल्यावर घालावं, म्हणजे फाटत नाही.

चवीशिवाय आजारी माणूस दोन घासांत वाटी सरकवतो. लसणाने पोट फुगत असेल तर पाकळ्या तेलात तांबूस करून काढून टाकाव्यात : फुगवणारा भाग पाण्यात विरघळतो, तेलात नाही, म्हणून वास राहतो आणि त्रास जातो. हीच पाकळी आंबिलीत उकळली तर उलटं होतं. बाकी जिरं, कढीपत्ता, किसलेलं आलं, वरून सांभार म्हणजे कोथिंबीर. तर्री नाही म्हणून जेवण फिकंच असतं, हे मला तरी पटत नाही.

गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडणाऱ्या सीलियाक रुग्णाला कण्या आणि आंबील दोन्ही चालतात, कारण ज्वारीत ग्लुटेन नसतं. पण गिरणीत आपल्या आधी गहू दळलेला असतो, आणि दगडांत अडकलेलं पीठ आपल्या डब्यात येतं. अशा घरात कण्या जात्यावर किंवा मिक्सरवर भरडाव्या. फोडणीत हिंग टाकण्याआधी डबीवरची बारीक अक्षरंही वाचावीत. बाजारच्या बांधानी हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं.