टर्मिनलवरून पॅकेज बसवणे व काढणे

लिनक्स संगणकावर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, आज्ञा टंकून सॉफ्टवेअर बसवण्याची, अद्ययावत ठेवण्याची व काढून टाकण्याची पद्धत. हे काम करणाऱ्या प्रणालीला पॅकेज मॅनेजर म्हणतात. डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांमध्ये डीपीकेजी आणि त्याच्या आधारावर चालणारे ॲप्ट वापरतात; रेड हॅटच्या घराण्यात आरपीएम व डीएनएफ. ॲप्ट १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत आले. नुसते डीपीकेजी एका पॅकेजला लागणारी बाकीची पॅकेजे आपणहून शोधून आणत नाही; ते काम ॲप्ट करते.

पॅकेज म्हणजे एक बांधीव फाइल. तिच्यात प्रोग्रामच्या फाइली असतातच, शिवाय आवृत्ती, आणखी कोणती पॅकेजे लागतात त्यांची यादी आणि बसवताना-काढताना चालवायच्या स्क्रिप्टही असतात. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा (‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) फक्त भांडारातली, म्हणजे पॅकेजे ठेवलेल्या सर्व्हरवरची, ताजी यादी आणते, बसवत काहीच नाही. यादीवरची डिजिटल सही तपासली जाते, म्हणून अधिकृत भांडारातले पॅकेज कुठल्याही संकेतस्थळावरून उचललेल्या फाइलीपेक्षा भरवशाचे. नंतर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पॅकेजचे नाव.

गोव्यात शाळांना परदेशातून आलेले वापरलेले संगणक मिळवून देण्याच्या स्वयंसेवी उपक्रमातून २००० नंतरच्या वर्षांत लिनक्स वर्गांपर्यंत गेले. इथल्या संगणक कक्षात मराठी आणि कोकणी दोन्ही टंकता यायला हव्यात. दोन्हींची लिपी देवनागरी असल्याने ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ या एकाच पॅकेजवर दोघींचेही भागते, आणि टंकलेखनासाठी ‘आयबस-एम१७एन’ घेतले की मराठीचा इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण) कळफलक मिळतो. शिक्षकांनी सर्वांत आधी हीच दोन पॅकेजे बसवावीत.

सत्तरीसारख्या डोंगराळ तालुक्यात नेटवर्क सगळीकडे सारखे मिळत नाही. कक्षातल्या प्रत्येक यंत्राने तीच पॅकेजे पुन्हा उतरवून घेणे ही उधळपट्टी होय. ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ एका यंत्रावर बसवून बाकीच्यांना त्याचा पत्ता दिला, की प्रत्येक पॅकेज बाहेरून एकदाच येते. तेवढीही सोय नसेल तर फाइली पेनड्राइव्हवर न्याव्या लागतात. अशा वेळी ‘ॲप्ट-गेट’ वापरावे, कारण ते उतरवलेल्या फाइली साठवून ठेवते. नुसते ‘ॲप्ट’ पॅकेज बसले की त्या पुसून टाकते.

पावसाळ्यात वीज गेली आणि बॅकअपही संपला, तर पॅकेज अर्धवट राहू शकते: फाइली उलगडलेल्या, पण मांडणी अपुरी. पुढच्या वेळी ॲप्ट अडून बसते. उपाय साधा आहे. ‘सुडो डीपीकेजी’ या आज्ञेला ‘कॉन्फिगर’ व ‘ए’ हे पर्याय जोडले की राहिलेले काम पुरे होते. ‘लॉक’ दाखवणारा संदेश आला म्हणून लॉकची फाइल पुसणे मात्र घातक. बहुधा मागे आपोआप होणारे अद्यतन चालू असते. ते संपेपर्यंत थांबावे.

काढण्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. ‘रिमूव्ह’ प्रोग्राम काढते, पण त्याच्या सेटिंगच्या फाइली ठेवते. ‘पर्ज’ त्याही काढते. वापरणाऱ्याच्या होम फोल्डरातल्या फाइलींना दोन्ही आज्ञा हात लावत नाहीत. सोबत आलेली आणि आता कोणालाच नको असलेली पॅकेजे ‘ऑटोरिमूव्ह’ने जातात. होकाराचे ‘वाय’ दाबण्याआधी ॲप्टने दाखवलेली यादी शेवटपर्यंत वाचलीच पाहिजे. ‘पायथन३’ नको म्हणून काढायला गेलेल्याच्या यादीत अख्खा डेस्कटॉप येतो. यादीबद्दल शंका असेल तर ‘सिम्युलेट’ पर्याय जोडावा, म्हणजे प्रत्यक्षात काही न बदलता काय काय जाणार ते दिसते.

हे सारे डीपीकेजीच्या नोंदवहीत असलेल्या पॅकेजांपुरतेच खरे. सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) आणून ‘मेक इन्स्टॉल’ने बसवलेल्या प्रोग्रामची तिथे नोंदच होत नाही, त्यामुळे ॲप्टला तो काढता येत नाही. त्या प्रोग्रामने ‘मेक अनइन्स्टॉल’ची सोय दिली नसेल, तर त्याच्या फाइली बहुधा ‘यूएसआर’मधल्या ‘लोकल’ फोल्डरात एकेक शोधून हाताने पुसाव्या लागतात.