फायर डोअर आणि जानेवारी-जुलैचा 'फॉर्म बी'

महाराष्ट्रात ऑफिसच्या इमारतीतली आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यावा लागतो. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खालचा हा नमुना 'ब', बोलताना सगळे 'फॉर्म बी' म्हणतात. पंप चालवून बघतात, अलार्म वाजवून बघतात; जिन्याच्या दाराकडे मात्र फारसं कोणी वळत नाही. म्हणून आधी दाराचंच.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ४ नुसार बाहेर पडायचं दार किमान १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच हवं. ते खोलीतून बाहेरच्या बाजूला उघडावं, पण उघडल्यावर वाट अडवता कामा नये. आतून किल्ली लागता कामा नये. कार्डाने उघडणारं कुलूप असेल तर अलार्म वाजताच आणि वीज जाताच ते आपोआप सुटलं पाहिजे. जिन्याच्या तोंडाशी १२० मिनिटं आग रोखणारं फायर डोअर लागतं. ते मिटलेलं असेल तरच उपयोगाचं. धूर आत शिरला की जिन्याचं धुराडं होतं. आणि आपल्याकडे हे दार उघडं राहावं म्हणून त्याला टेकण काय लावतात, तर आग विझवायचा लाल सिलिंडर!

दार पूर्ण उघडून सोडून द्या. क्लोजरने, म्हणजे दार आपोआप मिटवणाऱ्या वरच्या यंत्राने, ते ओढून कडी अडकेपर्यंत मिटलं पाहिजे. मग बिजागरीच्या बाजूची कड बघा. तिथे बहुधा उत्पादकाची छोटी पट्टी असते. रंगाऱ्याने तिच्यावरूनही ब्रश फिरवला असेल, तर रंग हळूच खरवडून नंबर वाचता येतो का ते पाहा. दार किती वेळ आग रोखतं याची चाचणी नुसत्या फळीची नसते. चौकट, बिजागऱ्या, कडी धरून अख्ख्या संचाची असते. मोडलेल्या क्लोजरजागी हाती लागेल तो बसवला, तर जुनं चाचणी प्रमाणपत्र त्या दाराला लागू पडेलच असं नाही.

दाखल्याची जबाबदारी मालकाची, मालक सापडत नसेल तर भोगवटादाराची. भाड्याच्या जागेत हे काम कोण करणार, ते करारातच लिहून घ्यावं. मालक स्वतः दाखला लिहून देऊ शकत नाही. महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना असलेली एजन्सीच तो देते. परवान्याची मुदत आणि तो कोणत्या कामासाठी आहे, हे आधी तपासा.

एजन्सी येईल तेव्हा अग्निशमन ना-हरकत दाखला, मंजूर नकाशे, मागचा फॉर्म बी, दारांची चाचणी प्रमाणपत्रं आणि देखभालीची वही हाताशी ठेवा. मधल्या काळात नवी पार्टिशनं उभी केली असतील तर ती लपवू नका, त्यांनी बाहेर पडायची वाट लांबलेली असू शकते. ऑफिसात सर्वात लांबच्या खुर्चीपासून बाहेर पडायच्या दारापर्यंतची वाट ३० मीटरच्या आत हवी. सगळीकडे स्प्रिंकलर (आग लागताच छतातून पाणी फवारणारे) असतील तर ४५ मीटरपर्यंत चालते. टेप टेबलांना वळसा घालत धरायची, नकाशावर सरळ रेघ ओढून नाही.

त्रुटी राहिल्या तर अग्निशमन अधिकारी नोटीस देऊ शकतात, आणि जागा धोकादायक वाटली तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत कायदा जातो. त्यामुळे एजन्सीला महिना संपत आल्यावर नव्हे, तर डिसेंबर आणि जूनमध्येच बोलवा, म्हणजे क्लोजर बदलायला वेळ मिळतो. दाखला दिल्यावर पोचीची प्रत घ्यायला विसरू नका.