किलोमीटरभर तांबे आणि दोन दशांश मिलिमीटर

इलेक्ट्रिक गिटारच्या एका साध्या पिकअपमध्ये, म्हणजे तारेची हालचाल विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागात, तांब्याची जी तार गुंडाळलेली असते, तिची जाडी साधारण ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या आसपास असते आणि तिचे सात ते आठ हजार वेढे दिलेले असतात. ही तार उलगडून सरळ केली तर ती एक किलोमीटरहून लांब भरेल. मी पहिल्यांदा दुरुस्तीला घेतलेल्या गिटारचा मधला पिकअप मुका होता. मल्टिमीटरची टोके त्याच्या दोन वायरींना लावली तेव्हा सहा किलोओहमच्या आसपास आकडा यायला हवा होता, पण मीटर काहीच दाखवेना. याचा अर्थ त्या किलोमीटरभर तांब्यात कुठेतरी एका ठिकाणी तार तुटलेली होती. भिंगाखाली पाहिल्यावर ती जागा सापडली. वेटोळ्याचे बाहेरचे टोक जिथे डाख देऊन जोडलेले असते, नेमके तिथे हिरवट गंज चढला होता. एक वेढा सोडवून घेतला, टोकावरचा इनॅमलचा लेप बारीक पॉलिश पेपरने श्वास रोखून खरवडला आणि नवा डाख दिला, मीटरवर ५.९ चा आकडा आला. नवा पिकअप घेण्याची मनाची तयारी मी केव्हाच केली होती, प्रत्यक्षात कथलाच्या एका थेंबावर काम भागले. तेच टोक वेटोळ्याच्या आतल्या बाजूला तुटले असते, तर मात्र सगळी तार काढून पुन्हा गुंडाळण्यावाचून गत्यंतर नव्हते.

कमी पैशात गिटार दुरुस्त करणाऱ्याने किंवा नवी बांधणाऱ्याने आधी हे समजून घ्यायला हवे, की या वाद्याचा आवाज फार थोड्या ठिकाणी घडतो आणि पैसे खर्च करायचे असतील तर ते त्याच ठिकाणी करावेत. साध्या गिटारमध्ये तारेचे कंपन ब्रिजमधून, म्हणजे तारांचे खालचे टोक जिथे टेकते त्या घोडीतून, लाकडी पातळ फळीत उतरते आणि ती फळी हवा हलवते; तिथे लाकूड हाच आवाज असतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअपमधले चुंबक पोलादी तारेलाच किंचित चुंबकीय करते, ती तार हलली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या नियमानुसार वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. पिकअपला हवेतला आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याला फक्त तारेची हालचाल कळते. म्हणूनच नायलॉनच्या तारा लावलेल्या गिटारवर असा पिकअप बसवला तर तो गप्प बसतो.

मग लाकडाचे काय, हा प्रश्न लगेच येतो आणि त्यावर वादही पुष्कळ होतात. लाकडाचा परिणाम असतो, पण तो आडवाटेने येतो. नेक, म्हणजे गिटारची लांब मान, एखाद्या स्वराच्या कंपनसंख्येला स्वतःच थरथरू लागला, तर तो तारेची ऊर्जा शोषून घेतो आणि तेवढाच स्वर लवकर विझतो. याचा पडताळा फुकट घेता येतो. हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाला, एखादा लहान शिकंजा लावून तिथले वजन वाढवले की विझणारा स्वर आपली जागा बदलतो. यापलीकडे जाऊन दुर्मिळ लाकडासाठी जास्तीचे पैसे मोजावेत, असे मला तरी वाटत नाही. डॅनइलेक्ट्रो कंपनीने १९५०च्या दशकात लाकडी चौकटीवर मॅसोनाइट, म्हणजे दाबलेल्या लाकूडचुऱ्याची पातळ फळी, बसवून गिटार बनवल्या आणि त्या आजही हौसेने वाजवल्या जातात.

खरी गुंतवणूक हवी ती तारेच्या दोन टोकांशी. वरचे टोक नटमध्ये, म्हणजे हेडस्टॉकपाशी असलेल्या खाचांच्या छोट्या पट्टीत टेकते आणि स्वस्त गिटारच्या बहुतेक तक्रारी इथेच उगम पावतात. तार सारखी उतरते म्हणून लोक खुंट्या बदलतात. पण तार चढवताना नटमधून ‘टिक’ असा बारीक आवाज येत असेल, तर दोष खुंटीचा नसून खाचेचा आहे. तार खाचेत अडकते, ताण साठतो आणि मग ती एकदम सुटते. अशा वेळी मऊ शिसपेन्सिलीचे टोक खाचेत फिरवावे, कारण ग्राफाइट हे उत्तम कोरडे वंगण आहे. तेवढ्याने भागले नाही तर खाच कानशीने अगदी थोडी रुंद करावी.

खाच जास्त खोल झाली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर, म्हणजे नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पहिल्या पट्टीवर, घासून झरझरते. यावर एक जुना आणि स्वस्त उपाय आहे. खाचेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी, खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा दाबून भरावा आणि त्यावर झटपट चिकटणाऱ्या पातळ गोंदाचा, म्हणजे सायनोॲक्रिलेटचा, एकच थेंब टाचणीच्या टोकावरून सोडावा. एरवी हवेतल्या ओलाव्याच्या आधाराने हळूहळू घट्ट होणारा हा गोंद सोड्याच्या अल्कधर्मी कणांमुळे काही क्षणांत कडक होतो, गरमही होतो आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ सोडतो. म्हणून तोंड लांब ठेवावे. तयार झालेला पांढरा दगडासारखा पदार्थ पुन्हा कानशीने हवा तेवढाच कोरायचा. किती कोरायचे याची कसोटी अशी, की तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली असता पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली केसाएवढी फट दिसली पाहिजे. हाडाच्या नटइतका हा भराव टिकत नाही, पण वर्ष-दोन वर्षे त्याच्याकडे पाहावे लागत नाही.

फ्रेटच्या बाबतीत गणित जास्त कठोर होते. सतारीचे पडदे दोरा सैल करून सरकवता येतात, गिटारचे फ्रेट मात्र लाकडात ठोकलेले असतात, त्यामुळे आधी मोजावे आणि मगच करवत चालवावी. सप्तकाचे बारा समान भाग करायचे तर प्रत्येक फ्रेट उरलेल्या लांबीच्या १७.८१७व्या हिश्श्याइतका पुढे यायला हवा. नट ते ब्रिज अंतर ६४८ मिलिमीटर असेल तर पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी सोळाव्या शतकात ल्यूटसाठी अठराव्या हिश्श्याचा सोपा नियम सांगितला होता. त्या नियमाने बारा पावले टाकली तर उरलेली लांबी ३२६ मिलिमीटरच्या थोडी वर राहते, म्हणजे सप्तक जुळायला दोन मिलिमीटरहून जास्त कमी पडते. गंमत अशी, की तार दाबताना ती किंचित ताणली जाऊन स्वर चढतो, त्यामुळे हा कमीपणा थोडासा झाकला जातो.

हाच चढा स्वर आजच्या गिटारमध्ये ब्रिजवरच्या सॅडलने, म्हणजे तार ज्यावर टेकते त्या सरकत्या तुकड्याने, सांभाळला जातो. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि त्याच जागी बोट नुसते टेकवून काढलेला हार्मोनिक यांची तुलना करावी. दाबलेला स्वर चढा निघाला तर सॅडल मागे, म्हणजे नटपासून दूर न्यावी. एक मिलिमीटर सरकवल्याने दोन्हींतला फरक सुमारे २.७ सेंटने बदलतो. एका अर्धस्वराचे १०० सेंट होतात. या कामाला पेचकस आणि फोनमधले ट्यूनर ॲप पुरते.

तारा झरझरण्याचे कारण समजण्यासाठी एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. बाराव्या फ्रेटवर तार पावणेदोन मिलिमीटर उंच असलेल्या गिटारवर पाचव्या फ्रेटवर तार दाबली, तर सहाव्या फ्रेटवर तिच्याखाली जेमतेम ०.२ मिलिमीटर जागा उरते. सहावा फ्रेट तेवढाही वर आला तर पाचवा स्वर मेलाच, आणि निम्म्याने वर आला तरी तार जोरात छेडली की तो झरझरतो. असा फ्रेट शोधायला सरळ कडेचा तुकडा, अगदी जुने प्लास्टिकचे कार्डसुद्धा, एका वेळी तीन फ्रेटवर टेकवावे; ते डुगडुगले तर मधला फ्रेट उंच आहे. आधी तो हलकेच ठोकून बसतो का पाहावे, कारण बऱ्याचदा तो नुसता उचललेला असतो. कानस हा नंतरचा उपाय आहे, कारण काढलेला धातू परत लावता येत नाही.

त्याआधी नेकचा वाक तपासलेला असावा. नेहमीच्या जाडीच्या सहा तारा सुरात लावल्या की त्या मिळून सुमारे ४५ किलो वजनाइतक्या ओढीने नेक पुढे वाकवतात आणि आत बसवलेला ट्रस रॉड, म्हणजे धातूचा दांडा, त्याला उलट ताण देतो. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबली असता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी ०.२ मिलिमीटरच्या आसपास फट असावी. कमी-जास्त असेल तर रॉड एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि लाकडाला सावरायला वेळ द्यावा. घाईने पिरगाळून रॉड मोडला तर अख्खा नेक जातो.

विजेच्या बाजूला स्वस्त गिटारचा सर्वांत मोठा त्रास म्हणजे गुणगुण. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर ब्रिजकडे जाणारी अर्थिंगची वायर शाबूत आहे आणि आपले शरीरच विद्युतक्षेत्र पकडून गिटारपर्यंत पोचवत आहे असे समजावे. पिकअपच्या पोकळीला आतून तांब्याचा चिकट पत्रा लावून तो अर्थिंगला जोडला की बराच फरक पडतो. हात लावूनही काही बदल झाला नाही, तर आधी ती वायर तुटली आहे का ते पाहावे. ट्रान्सफॉर्मरजवळची चुंबकीय गुणगुण मात्र तांब्याच्या पत्र्याला जुमानत नाही. तिच्यावर गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उलट गुंडाळीच्या आणि उलट ध्रुवांच्या दोन वेटोळ्यांचा उपाय शोधला. त्यात गुणगुण वजा होते आणि तारेचा संकेत मिळवला जातो. हा झाला हंबकर. ॲम्प्लिफायर उघडण्याच्या मोहात मात्र पडू नये, विशेषतः व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, कारण त्यातले कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून ठेवू शकतात.

आवाजाचा रंग बदलायचा असेल तर पिकअप बदलण्याआधी एक कॅपॅसिटर लावून पाहावा. पिकअपचे वेटोळे आणि केबलची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मिळून एक अनुनादी मंडल तयार होते आणि त्याचे शिखर जिथे येते त्यावर आवाज कर्कश, खणखणीत की जाडसर हे बरेचसे ठरते. २.५ हेन्रीच्या पिकअपला ५०० पिकोफॅरडची केबल जोडली तर हे शिखर ४,५०० हर्ट्झच्या आसपास येते. धारिता दुप्पट केली की ते ३,२०० पर्यंत उतरते. म्हणजे ५०० पिकोफॅरडच्या आसपासचा क्षुल्लक किमतीचा कॅपॅसिटर स्विचमधून जोडला की एकाच पिकअपला दोन स्वभाव मिळतात. टोन कंट्रोलसाठी ‘जुन्या काळचा’ म्हणून विकला जाणारा महागडा कॅपॅसिटर घेण्यात अर्थ नाही. मूल्य तेच असेल तर साधा सिरॅमिकही तेच काम करतो. पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढून स्वर डळमळीत करते. तो दोन मिलिमीटर खाली घेणे हा तर बिनपैशाचा उपाय.

पूर्ण गिटार बांधण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांचे आहे. पुढे खगोलभौतिकीत पीएच.डी. मिळवलेल्या या वादकाने १९६३ मध्ये वडिलांबरोबर काम सुरू केले. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून कोरला, खुणांचे ठिपके आईच्या शिंपल्याच्या गुंड्यांतून कापले आणि ट्रेमोलोला, म्हणजे दांडीने स्वर डळमळवणाऱ्या यंत्रणेला, मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा वापरल्या. पिकअपही त्यांनी आधी घरीच गुंडाळले होते. पण तार आडवी ओढली की त्यांतून नको तो आवाज येई, म्हणून शेवटी तेवढे विकतचे बसवले. लाकूड, स्प्रिंगा, गुंड्या सगळे भागले, हटून बसला तो पिकअप, हे मला फार बोलके वाटते.

आज पहिल्यांदा बांधणाऱ्याने माझ्या मते याच्या उलट करावे. वापरलेला पण सरळ नेक विकत घ्यावा आणि बॉडी स्वतः करावी. नेक स्क्रूने जोडण्याची पद्धत लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये बाजारात आणलेल्या गिटारमुळे रूढ झाली. ते मुळात रेडिओ दुरुस्त करणारे होते आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वाद्य उघडून भाग बदलता यावेत ही त्यांची दृष्टी आपल्याला अजून उपयोगी पडते. बॉडी सुमारे ४५ मिलिमीटर जाड आणि नेकची खाच १६ मिलिमीटरच्या आसपास खोल ठेवतात. तिचा आकार एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी लाकडाचा पातळ पापुद्रा गोंदाने बसवून भागते.

ब्रिजच्या बाबतीत अशी सूट नाही. नेक शिकंज्याने धरून ठेवावा, नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून शिवणाचे दोन दोरे ब्रिजपर्यंत ताणावेत आणि ते फिंगरबोर्डच्या, म्हणजे फ्रेट ठोकलेल्या फळीच्या, दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर धावतात का ते शेवटच्या फ्रेटपाशी पाहावे. एका बाजूचा दोरा कडेला चिकटत असेल तर नेक किंवा ब्रिज हलवावा, दोरा नव्हे. मग नट ते बारावा फ्रेट हे अंतर मोजून तेवढेच पुढे सर्वांत बारीक तारेच्या सॅडलचे स्थान पेन्सिलीने आखावे आणि सॅडल मागे घेण्यास तीन-चार मिलिमीटर वाव ठेवूनच ड्रिल हातात घ्यावे. भोक चुकलेच, तर काडेपेटीच्या काड्या लाकडाच्या पांढऱ्या गोंदात बुडवून ठोकाव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात आणि पुन्हा मोजायला सुरुवात करावी. तारा चढवल्यावर पहिल्या दिवशीचे कोणतेही माप अंतिम धरू नये. ४५ किलोची ओढ नेकला नवी असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फट पुन्हा तपासली की बहुतेक वेळा ट्रस रॉडला आणखी एक पाव फेरा लागतोच.