बाह्य जावास्क्रिप्ट लायब्ररींची सर्व्हर फ्रेमवर्कशी जोडणी

वेब पान सर्व्हरवर तयार करणाऱ्या जँगो, रेल्स, लाराव्हेल, फीनिक्स यांसारख्या फ्रेमवर्कमध्ये इतरांनी लिहिलेली, ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी बसवण्याचे तंत्र. तारखेचे कॅलेंडर, शोधता येणारी निवडसूची, आलेख, नकाशे ही नेहमीची उदाहरणे. लायब्ररीची फाइल पानाला जोडणे हा यातला सोपा भाग होय. खरा प्रश्न मालकीचा असतो. घटक सर्व्हरने लिहिलेला असतो आणि लायब्ररी तो आपला समजून बदलते. बहुतेक बिघाड या सीमेवरच होतात.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरायचा, हे ‘बाह्य’ शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहे. एएसपी डॉट नेटच्या २००२ मधील पहिल्या आवृत्तीतच फॉर्म पडताळणारी जावास्क्रिप्ट सर्व्हर कंट्रोलबरोबर पानात येत असे. पण ती फाइल फ्रेमवर्कचीच होती. सॅम स्टीव्हनसन यांची प्रोटोटाइप ही लायब्ररी साधारण २००५ च्या सुरुवातीची. तिला पहिले उदाहरण मानण्याचा मोह होतो, मात्र ती रेल्सच्या अजॅक्स (पान पुन्हा न आणता सर्व्हरशी बोलण्याच्या) सोयीसाठीच घडली. शिवाय रेल्सचे हेल्पर (पानातले दुवे, फॉर्म लिहून देणारी फंक्शने) प्रोटोटाइपचे आदेश थेट दुव्याच्या ऑनक्लिक गुणधर्मात लिहीत. त्यामुळे लायब्ररी बदलायची तर हेल्परही बदलावे लागत. जॉन रेसिग यांनी जानेवारी २००६ मध्ये जेक्वेरी मांडल्यावर खरी टक्कर झाली, कारण डॉलर हे एकाक्षरी नाव दोघींनाही हवे होते. जेक्वेरीतील ‘नोकॉन्फ्लिक्ट’ ही सोय त्यासाठीच आहे. रेल्स ३.० ने (ऑगस्ट २०१०) पानात आदेशांऐवजी ‘डेटा-’ने सुरू होणारे गुणधर्म लिहायला सुरुवात केली. ते वाचून काम करणारी लायब्ररी कोणतीही चालू लागली आणि ३.१ मध्ये (२०११) जेक्वेरीच मूळ पर्याय झाली. सर्व्हरने फक्त खूण ठेवावी आणि अर्थ ब्राउझरने लावावा, ही विभागणी येथून रूढ झाली. म्हणून जोडणीचा आजचा अर्थ २००५ पेक्षा २०१० पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे ५.१ मध्ये (२०१७) जेक्वेरी वगळली गेली आणि ७.० मध्ये (डिसेंबर २०२१) इम्पोर्ट मॅप (लायब्ररीचे नाव आणि फाइलीचा पत्ता यांची ब्राउझरसाठीची यादी) हा मूळ मार्ग ठरला.

फाइलींचा पुरवठा : जँगोमध्ये लायब्ररी स्टॅटिक फोल्डरात ठेवतात आणि टेम्पलेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, पत्ता हाताने न लिहिता ‘स्टॅटिक’ टॅगने काढतात. प्रकाशनाच्या वेळी ‘कलेक्टस्टॅटिक’ आज्ञा सर्व फाइली एका जागी आणते. मॅनिफेस्ट साठवण निवडली असल्यास प्रत्येक नावात मजकुराच्या एमडी५ हॅशची (मजकुरावरून काढलेल्या ठशाची) पहिली १२ अक्षरे घातली जातात; फाइल बदलली की नाव बदलते आणि ब्राउझरचा जुना कॅशे आड येत नाही. जँगो ४.० पासून ही साठवण जावास्क्रिप्टमधील सोर्स मॅपचे (लघुकृत कोड मूळ कोडशी जुळवणाऱ्या फाइलीचे) संदर्भही बदलते. लायब्ररीची लघुकृत फाइल उतरवून घेतली पण तिच्या शेवटच्या ओळीत नोंदलेली मॅप फाइल आणली नाही, तर ‘कलेक्टस्टॅटिक’ तेथेच थांबते. मॅप फाइल आणावी किंवा ती ओळ काढावी. डीबग चालू असताना हॅशची नावे वापरली जात नाहीत, म्हणून हा दोष विकसकाच्या यंत्रावर दिसत नाही आणि नेमका प्रकाशनाच्या दिवशी उभा राहतो.

क्रम : जँगोचे अॅडमिन स्वतःची जेक्वेरी आणते आणि लगेच ‘जँगो डॉट जेक्वेरी’ या नावाखाली बंद करते, जागतिक नाव मोकळे होते. त्यानंतर लोड होणाऱ्या प्लगइनला जेक्वेरी सापडत नाही. प्लगइन जेक्वेरीनंतर पण अॅडमिनच्या आरंभ-फाइलीपूर्वी आले पाहिजे. हा क्रम विजेटच्या (फॉर्ममधील रकाना रंगवणाऱ्या घटकाच्या) ‘मीडिया’ वर्गात तिन्ही फाइली सांगून ठरवतात. दोन विजेटांनी परस्परविरोधी क्रम दिल्यास जँगो इशारा देते. तो दुर्लक्षू नये.

माहितीची ने-आण : टेम्पलेटमधील चल स्क्रिप्ट टॅगच्या आत थेट लिहिला की स्वयंचलित एस्केपिंगमुळे अवतरणचिन्हाच्या जागी एचटीएमएलची खूण येते. स्क्रिप्टच्या आत ब्राउझर ती उलगडत नाही, त्यामुळे वाक्यरचनेचा दोष येतो. वैतागून एस्केपिंग थांबवणारा ‘सेफ’ फिल्टर लावला, तर कोणाच्या नावात लिहिलेला स्क्रिप्ट बंद करणारा टॅगही तसाच पानात उतरतो आणि पुढचा मजकूर कोड म्हणून चालू शकतो. जँगो २.१ पासूनचा (२०१८) ‘जेसन-स्क्रिप्ट’ फिल्टर माहिती वेगळ्या स्क्रिप्ट टॅगमध्ये जेसन या मजकूर-रूपात ठेवतो आणि तिच्यातील ‘<’, ‘>’ ही चिन्हे व अँपरसँड युनिकोड रूपात लिहितो. लायब्ररीला द्यायची माहिती तेथून वाचून जेसन म्हणून उलगडावी. उलट दिशेने जाणाऱ्या पोस्ट विनंतीला सीएसआरएफ टोकन (विनंती आपल्याच पानावरून आल्याची खूण) हेडरमध्ये किंवा फॉर्मच्या रकान्यात लागते, नाहीतर सर्व्हर ४०३, म्हणजे मनाई, असे उत्तर देतो.

मराठी पानांत एक खास अडचण येते. मोमेंट या तारीख-लायब्ररीचे मराठी लोकेल (भाषेनुसारची मांडणी) अंक देवनागरीत लिहिते. दिसायला ते बरोबरच आहे, पण तेच ‘२०२४-०५-०१’ फॉर्ममधून गेले की पायथनच्या तारीख-वाचनात दिवस आणि महिन्याचे नमुने इंग्रजी अंक धरून असल्याने जँगो तारीख अवैध ठरवते. दाखवण्याची तारीख मराठीत ठेवून लपलेल्या रकान्यात इंग्रजी लोकेलने वर्ष-महिना-दिवस भरावे. वाचकाला त्याचे अंक मिळायलाच हवेत. सर्व्हरच्या सोयीसाठी ते काढून टाकणे हा उपाय नव्हे.

पान न बदलता बदलणारी पाने : रेल्सचे टर्बो पूर्ण पान न आणता फक्त बॉडी बदलते, म्हणून ‘पान तयार’ ही घटना एकदाच घडते आणि दुसऱ्या पानावरची निवडसूची साधीच राहते. उपाय म्हणून ‘टर्बो लोड’वर लायब्ररी सुरू केली, की दुसरा दोष दिसतो : मागे जाताना कॅशेतली प्रत लायब्ररीने घातलेल्या घटकांसकट परत येते आणि सिलेक्ट२ या निवडसूची-लायब्ररीची चौकट दोनदा उमटते. प्रत घेतली जाण्यापूर्वीच्या घटनेत लायब्ररीची ‘डिस्ट्रॉय’ पद्धत बोलवावी. सुरू करणे आणि मोडणे ही जोडी नेहमी एकत्र लिहावी; रेल्सबरोबरच्या स्टिम्युलस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमधील ‘कनेक्ट’ आणि ‘डिस्कनेक्ट’ यांचा उपयोग हाच. फीनिक्स लाइव्हव्ह्यूमध्ये सर्व्हर घटक पुन्हा रंगवू नये म्हणून त्यावर ‘इग्नोर’ची खूण करतात आणि हुक (ब्राउझरमधील कोडची जोड) असलेल्या घटकाला स्वतंत्र आयडी देतात. लाराव्हेलच्या लाइव्हवायरमध्येही तशीच खूण आहे. जावाच्या बाजूस विकेट ६ (२०१२) पासून जेक्वेरी फ्रेमवर्कबरोबरच येते.

बाहेरचा सर्व्हर : लायब्ररी सीडीएनवरून (फाइली पुरवणाऱ्या सामायिक सर्व्हरजाळ्यावरून) घेतल्यास तिचा हॅश स्क्रिप्ट टॅगच्या ‘इंटिग्रिटी’ गुणधर्मात द्यावा, हे डब्ल्यू३सी या वेब मानके ठरवणाऱ्या संस्थेचे २०१६ पासूनचे मानक आहे. फाइल एका अक्षराने बदलली तरी ब्राउझर ती चालवत नाही. पॉलिफिल डॉट आयओ (जुन्या ब्राउझरना नव्या सोयींचा कोड पुरवणारी सेवा) या डोमेनची मालकी २०२४ च्या फेब्रुवारीत बदलली आणि जूनपर्यंत तेथून घातक कोड पसरत असल्याचे उघड झाले. तेथे हॅशचा उपयोग नव्हता, कारण ती सेवा ब्राउझर पाहून वेगवेगळा मजकूर देत असे. अशा लायब्ररीची प्रत आपल्याच स्टॅटिक फोल्डरात ठेवावी लागते.